रिकाम्या पुंगळ्या

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळ्यावरची पितळ खाली उतरते. समया, तांब्या, दोन पराती, आजीच्या हातचा वेळणीचा संच आणि सगळ्यांत शेवटी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक घागर. ही घागर आईच्या माहेरची. तिला खांद्यापासून पोटापर्यंत एक उभी चीर आहे, त्यामुळे तिच्यात वीस वर्षांत पाण्याचा थेंब राहिलेला नाही. तरी ती मोडीत गेलेली नाही आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलतही नाही. न बोलण्याचे कारण असे, की लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ती आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यात असताना फुटली. सौ. म्हणे, “मी पाडली नाही.” आई म्हणे, “पडनी नही, तं मंग फुटनी कशी?” एवढाच संवाद. पण त्याची सल दोघींच्याही मनात राहिली.

यंदा घासाघाशीला मी आपणहून बसलो. घरात आश्चर्य पसरले. मराठीचा प्राध्यापक दिवाळी अंकासाठी लेख लिहितो, चिंचेचा गोळा घेऊन मोरीत बसत नाही. त्यात मी तांब्या हातात घेतला आणि घासण्याऐवजी टॉर्च लावून त्याच्या आत डोकावू लागलो.

“अहो, काय शोधताय?” सौ. ने विचारले.

“कड.”

हे उत्तर तिला कळणे शक्य नव्हते. वाचकांनाही कळणार नाही. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यातली हकिगत सांगितली पाहिजे, आणि तिच्याही आधी थोडी बंदुकीची.

मी कॉलेजात एन. सी. सी. चाही अधिकारी आहे. शेला पागोट्याचे समास सोडवणाऱ्या माणसाने खाकी का घालावी, हा प्रश्न मला चोपड्यात अनेकांनी विचारला आहे. खरे उत्तर असे, की त्या वर्षी दुसरे कोणी तयार नव्हते. कामठीच्या अकादमीत जाऊन आलो, छाती थोडी पुढे आणि पोट थोडे मागे गेले, आणि पोरांना ‘सावधान’ म्हणताना आवाज फुटेनासा झाला नाही, इतपत प्रगती झाली. ही संघटना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तेव्हापासून किती मराठीच्या मास्तरांनी तिच्यात पाय आपटले असतील, कोण जाणे.

कॅडेटना वर्षातून एकदा नेमबाजीला न्यावे लागते. रायफल .२२ ची, गोळी करंगळीच्या पेराएवढी. पोरांना वाटते, नेमबाजी म्हणजे नेम. ती असते पाच मिनिटांची. उरलेला दिवस मोजणीचा. जितक्या गोळ्या पेटीतून निघाल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत आल्या पाहिजेत. पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागे राहते ती पितळेची नळी. ती कोणाच्या खिशात गेली नाही, हे सहीनिशी लिहून द्यावे लागते. खिशात गेली तर बिघडले काय, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा, आणि सातपुड्याच्या सीमेवर गावठी पिस्तुले पकडल्याच्या बातम्या आम्ही केळीच्या भावाइतक्याच नियमाने वाचतो. तिथे पितळेच्या नळीचा हिशेब कोणीही हसण्यावारी नेत नाही.

एका वर्षी साठ पोरांनी पाच-पाच, अशा तीनशे गोळ्या झाडल्या. पुंगळ्या भरल्या दोनशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. मग सगळी तुकडी एका ओळीत गवतात ओणवी केली. खानदेशातला उन्हाळा, दुपारचा एक, आणि वाळलेले गवत नेमके पितळेच्या रंगाचे. दोन तास शोधले. प्रत्येकाचे खिसे उलटे केले. हे करताना मला फार वाईट वाटले, कारण पोरे गरीब घरची होती आणि संशय गरिबाला लवकर लागतो. एक मुलगा तर रडकुंडीला आला. शेवटी पुंगळी सापडली ती रायफल टेकायच्या वाळूच्या पोत्याच्या घडीत. खिसे आधी उलटे केले आणि पोते नंतर झटकले, ही चूक माझी. त्या मुलाने पुढच्या वर्षी नाव दिले नाही.

तेव्हापासून रिकामी पुंगळी म्हटली की माझ्या कपाळावर आठी येते. आणि तरीही गेल्या मे महिन्यात मी परदेशात जाऊन चारशे रिकाम्या पुंगळ्या स्वतःहून मांडीवर घेतल्या. त्याला कारण माझे मेहुणे.

मेहुणे पिट्सबर्गच्या बाहेर एका उपनगरात असतात. आम्ही उभयता महिनाभर त्यांच्याकडे गेलो. ते दोघे कामावर, भाची शाळेत, सौ. भावाच्या स्वयंपाकघराची फेररचना करण्यात गर्क. मी रिकामा. त्या देशात रिकाम्या माणसाला कोपऱ्यावरचा पानवाला नाही, वाचनालयाचा कट्टा नाही. चार दिवस फिरून झाल्यावर शेजारच्या घराचे उघडे गॅरेज दिसले. आत एक पंचाहत्तरीचे म्हातारबुवा, पूर्वी पोलाद कारखान्यात होते, डोळ्याला भिंग लावून बसलेले. समोर बादलीभर रायफलच्या पुंगळ्या.

“दाजी, जपून हं,” मेहुणे म्हणाले. “बुवांच्या हाती सापडलात तर कामाला लावतील.” मी लागलो.

हे बुवा नेमबाजीच्या क्लबात जातात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी हरणाच्या शिकारीलाही. काडतुसे विकत घेत नाहीत, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. अमेरिकेत हा कित्येकांचा घरगुती छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे आणि तेच ठीक आहे. चार प्रकारच्या सामानातून काडतूस होते. पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी आणि हे सगळे धरून ठेवणारी पुंगळी. टोपी म्हणजे आपल्या पोरांच्या दिवाळीच्या पिस्तुलातली टिकलीच, फक्त पितळी वाटीत बसवलेली. गोळी जाते, दारू जळते, टोपी मरते. पुंगळी तेवढी राहते आणि तीच सगळ्यांत महाग. म्हणून ती जपायची. दारूच्या कपाटाला बुवांनी कुलूप लावले होते आणि महिनाभरात मला त्याच्या जवळही जाऊ दिले नाही. माझ्याकडे काम आले ते पुंगळ्यांची तयारी करण्याचे, म्हणजे नुसत्या कंटाळ्याचे.

पहिल्या दिवशी फक्त निवडणे. आई सुपात गहू घेऊन बसते तसे. पुंगळीच्या बुडावर कारखान्याचा शिक्का आणि सालाचे आकडे असतात. एका कारखान्याच्या एका ढिगात, दुसऱ्याच्या दुसऱ्या. बहुतेकांवर ‘एल. सी.’ होते, म्हणजे मिसुरी राज्यातला लेक सिटीचा लष्करी कारखाना. लष्कराने एकदा झाडलेल्या या पुंगळ्या बुवांनी बादलीच्या भावात घेतल्या होत्या.

मग प्रत्येकीची मेलेली टोपी सुईने ढकलून पाडायची. येथे एक गंमत कळली. बुडाला मध्यभागी एकच छिद्र असेल तर सुई सरळ जाते. ही पद्धत बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. दुसऱ्या पद्धतीत बाजूला दोन बारीक छिद्रे असतात आणि सुईला वाटच मिळत नाही. ती बर्डन या अमेरिकनाची. दोन्ही १८६० नंतरच्या दशकातल्या. आता नशीब पाहा. अमेरिकेने पत्करली इंग्रजाची आणि ब्रिटिश लष्कराच्या .३०३ काडतुसात शिरली अमेरिकनाची. त्यामुळे घरी पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला त्यात या एका छिद्राचाही वाटा आहे.

टोप्या पडल्या की धुणे. गरम पाणी, साबण आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व. मी म्हटले, “आमच्याकडे यालाच चिंच म्हणतात.” पितळ काळे पडते ते वरच्या पुटामुळे, आणि आंबट पदार्थ ते पूट खातो. बुवांना चिंच ठाऊक नव्हती, पण चिंचेत भांडे फार वेळ राहिले तर गुलाबी दिसू लागते हे मी सांगताच ते खुर्चीतून उठले. पुंगळीचेही तेच होते म्हणाले. काडतुसाच्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. आंबटाने आधी जस्त निघून जाते आणि तांबे उघडे पडते. पिट्सबर्गच्या पोलादवाल्याचे आणि चोपड्याच्या मोरीचे शास्त्र एकच निघाले, तेव्हा मला उगीच घरच्यासारखे वाटले. धुतल्यावर त्या मक्याच्या बुरकुंड्यांच्या भुशात फिरत्या डब्यात घालतात. आमच्या भागात ही बुरकुंडे चुलीत जातात. तिथे पिशवीत भरून विकायला येतात.

यानंतर खरी रड सुरू होते. काडतूस उडते तेव्हा आत जो दाब येतो त्याची मर्यादा या जातीच्या रायफलीला चौरस इंचाला बासष्ट हजार पौंडांची. मोटारीच्या चाकात असतो तीस-बत्तीस. त्या दाबाने पुंगळी फुगून रायफलीच्या भिंतीला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही आणि क्षणात किंचित आकसते म्हणून बाहेर निघते. हे फुगणे-आकसणे पितळेइतके सहज दुसऱ्या धातूला जमत नाही. पण ती पूर्वीच्या मापावर येत नाही. म्हणून एकेकीला तेलाचे बोट लावून साच्यात दाबायचे. यंत्र दिसायला चकलीच्या सोऱ्याचे थोरले भावंड. दांडा खाली, पुंगळी आत, दांडा वर, पुंगळी बाहेर. तेल कमी पडले तर ती साच्यात अशी अडकते की दुपार जाते. माझ्या दोन दुपारी गेल्या.

दाबल्यावर पितळ वाढते कुठे? तोंडाकडे. म्हणजे पुंगळी लांब होते. मग कॅलिपरने मोजा. लांबी २.०१५ इंचांच्या वर गेलेली चालत नाही. ज्या लांबल्या त्या कापा. कापल्या की तोंडाला आतून-बाहेरून कड येते, ती दोन्हीकडून घासून काढा. लष्करी मालाच्या टोपीभोवतीची धातू कारखान्यातच चेपून घट्ट केलेली असते, ती चेप कोरून काढा, नाहीतर नवी टोपी बसत नाही. टोपीच्या खळग्यातली काजळी खरवडा. वारंवार फुगून-दबून गळ्याची पितळ कडक होते, म्हणून गळा तेवढा ज्योतीवर धरून नरम करा. पण बुड तापू देऊ नका, कारण नरम बुड दाब सोसत नाही. आमचे तांबटही भांडे ठोकता ठोकता मधूनच भट्टीत घालतात, ते याचसाठी. एक पुंगळी दहा-अकरा वेळा हातात येते. चारशेंचे चार हजार. पाचव्या दिवशी मी बोटांकडे पाहिले तर ती काळी झाली होती आणि झोपेत मी दांडा ओढत होतो, असे सौ. चे म्हणणे आहे.

भाची शाळेतून येऊन पाहायची. “आतोबा, तुम्ही अजून तेच करताय?” “तेच.” “का?” या ‘का’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शेवटचे काम कडेचे. मघाशी म्हटले की पितळ तोंडाकडे वाढते. ती वाढ येते कोठून? बुडाच्या थोड्या वरून. तिथे आतल्या बाजूने भिंत पातळ होत जाते आणि एक गोल खाच पडते. बाहेरून दिसते ती एक बारीकशी उजळ कड, कधी तीही नाही. अशी पुंगळी भरली तर उडताना तिचे दोन तुकडे होतात आणि वायू मागे, रायफल धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. लष्करी मशीनगनमधून निघालेल्या पुंगळ्यांत एकदाच झाडूनही ही खाच सापडते. ती शोधायला साधन काय? टोक वाकवलेली एक तार. ती आत घालून भिंतीवरून ओढायची. खाच असेल तर टोक अडखळते.

मी तार घेतली. पहिल्या पन्नास मन लावून. शंभरपर्यंत बऱ्यापैकी. पुढे तार आत जायची, बाहेर यायची आणि मी मनात दुसरेच काही चघळायचो. सगळ्या चांगल्याच होत्या. संध्याकाळी बुवांनी माझ्या ‘पास’ झालेल्या डब्यात हात घालून दहा-बारा उचलल्या, एक बोटांत फिरवली आणि कानाशी धरावी तशी डोळ्याशी धरली. मग शांतपणे करवत काढून ती उभी चिरली आणि दोन्ही फाका माझ्यासमोर ठेवल्या. आतल्या भिंतीवर नखाने ओढावी तशी खोल रेघ होती.

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फाका पकडीने चेपून कचऱ्यात टाकल्या आणि माझा डबा जाऊन पुन्हा बादलीत रिकामा केला. “प्रोफेसर,” ते म्हणाले, “ही काढताना तुम्हांला कंटाळा आला होता. झाडताना माझा नातू रायफल धरणार आहे.”

मला त्या क्षणी दुसराच गठ्ठा आठवला. आम्हां मास्तरांच्या दिवाळीच्या सुट्टीत उत्तरपत्रिका असतात. पहिली पत्रिका आपण वाचतो. दोनशेवी आपण पाहतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीची पुरवणी माझ्या हातून उलटायचीच राहिली. दोन प्रश्न होते त्यात. ती नापास झाली, फेरतपासणीत पास झाली, पण मधले चार महिने तिच्या घरी लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. ते मला पुढे एका सहकाऱ्याकडून कळले. मी कोणाला सांगितले नव्हते. त्या गॅरेजमध्ये मी चारशे पुंगळ्या पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. तीन दिवस लागले. आणखी पाच निघाल्या.

निघताना मला वाटले, एक पुंगळी आठवण म्हणून न्यावी. मेहुण्यांनी हात जोडले. “दाजी, विमानतळावर ती सापडली तर तुमच्या आठवणीत बरीच भर पडेल.” परत दिली, मोजून.

घरी आल्यावर मला या पितळेची चटकच लागली. बसने भुसावळच्या पुढे जाताना वरणगाव लागले की मी खिडकीतून पाहू लागलो. चीनच्या युद्धानंतर, १९६४ साली, आमच्याच जिल्ह्यात उभा राहिलेला हा काडतुसांचा कारखाना. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पितळेच्या चकतीची आधी वाटी होते, ती टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करतात आणि मध्ये मध्ये तापवून नरम करतात. इतकी वर्षे त्या रस्त्याने गेलो, पण पितळेवर असे काही होत असेल हे मनातही आले नव्हते.

आणि वाचता वाचता एक जुनी गोष्ट सापडली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. कोणी हात लावलेला नाही, आपटलेली नाहीत, पेटीतल्या पेटीत पुंगळीला चीर. विशेषतः तबेल्याजवळ ठेवलेल्या. ठरावीक ऋतूत होई म्हणून त्याला ऋतूवरूनच नाव पडले होते. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण छापले. ओढून-ठोकून केलेल्या पितळेत ताण कोंडलेला असतो. त्यात दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की पितळ उकलते. नीट तापवून ताण घालवला की चिरत नाही. बुवा पितळेला अमोनियाचे पॉलिश लावू देत नसत, ते का, हे मला तेव्हा समजले.

हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले, कारण मला आमचा जुना गोठा आठवला. वीस वर्षांपूर्वी घराच्या मागे दोन म्हशी होत्या. नव्या सुनेने आपल्या परीने शहाणपणा करून सासूची माहेरची घागर धक्का लागू नये म्हणून गोठ्याच्या फळीवर ठेवली होती. आषाढापासून दिवाळीपर्यंत.

म्हणून मी टॉर्च घेऊन मोरीत बसलो होतो. तांब्या झाला, समया झाल्या, मग लुगडे सोडले. घागर पडली असती तर कुठेतरी पोच आला असता. बोटाने चाचपली, आतून उजेड टाकून पाहिली. चिरेच्या दोन्ही बाजू गुळगुळीत, कोठे दबलेले नाही, पोच नाही. खांद्यावर, जिथे ठोकून वळवलेले असते तिथूनच चीर निघाली होती.

आईला ओट्यावर बोलावले. तबेला, पावसाळा, मूत, सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. सौ. दारात उभी होती, हातात भिजवलेली चिंच.

“म्हणजे म्हशीनं फोडली म्हण,” आई म्हणाली.

“तसंच.”

“वीस वर्सं झाली म्हशी विकून.” तिने चिरेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. मग सौ. पुढे हात केला. “दे ती चिंच इकडे.”

“आई, तुमचे गुडघे दुखतात. राहू द्या, मी घासते.”

“तू त्या समया घे,” आई म्हणाली आणि घागर मांडीवर आडवी करून बसली.